ऊब वेगळी, ताप वेगळा

आम्ही आंबागडहून बोलतो आहोत, तुमसर तालुक्यातल्या किल्ल्याच्या आंबागडहून. आज कोंबडीच्या अंड्यांबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, अंड्यांबद्दल आम्हाला काय सांगता? खुडूक कोंबडी बसवणं तर आम्ही परकर-पोलक्यात असल्यापासून बघत आलो. खरं आहे. आम्हीही असंच समजत होतो. म्हणून तर आमची अठ्ठेचाळीसमधली बहुतेक अंडी फुकट गेली. अंडी गेली ते गेलंच, पण त्यापायी आमच्या गटातली एक बाई दोन बैठका घराबाहेर पडली नाही. ती गोष्ट सांगण्यासाठीच आज आलो आहोत.

आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून सहा हजार रुपये काढून अंडी उबवायची एक लहान पेटी घेतली. थर्माकोलची पेटी, आत दोन दिवे, एक तापमापक आणि एक आपोआप चालणारं बटण. ऊब कमी झाली की ते बटण दिवा लावतं, पुरेशी झाली की बंद करतं. पंखा नाही. हिशेब सोपा होता. गावरान अंडं बाजारात विकलं तर दहा-बारा रुपये मिळतात. त्याच अंड्यातून पिल्लू निघालं आणि मोठं झालं, तर घराला चार पैसे जास्त येतात. शिवाय खुडूक कोंबडीची वाट बघायला नको.

आठ जणींनी घरची अंडी जमवली. पंधरा दिवस लागले. कुणी टोपलीत ठेवली, कुणी शिक्यावर, कुणी टिनाच्या खोलीत तांदळाच्या डब्याजवळ. 8 मे रोजी संध्याकाळी आम्ही पेटीत अठ्ठेचाळीस अंडी मांडली. पाच जणींनी पाळ्या वाटून घेतल्या. प्रत्येकीने चार-पाच दिवस सांभाळायचं, अंडी फिरवायची, वाटीत पाणी घालायचं.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायला हवीत हे सगळ्यांना माहीत होतं. आमची एकोणिसाव्या दिवशीच निघायला लागली. आम्हाला आनंद झाला, वाटलं यंत्र मोठं जोरात आहे. पण पिल्लं बारकी, अंगाला कवचाचे तुकडे चिकटलेले, बेंबी उघडी आणि रक्ताळलेली. एकूण नऊ निघाली. दोन दिवसांत त्यातली चार मेली. उरली पाच.

मग जे व्हायचं तेच झालं. अंगणात बाया जमल्या आणि एकीने म्हटलं, "अंडे अशे कायले मरतीन? कोनाचा तरी हात लागला असन." हात म्हणजे कुणाचा, ते विचारावं लागलं नाही. पाच जणींतल्या एकीला तिच्या पाळीच्या दिवसांतच पेटीची पाळी आली होती. लोणचं नासतं, पापड लाल होतात, तुळस सुकते, मग अंडी मरणार नाहीत का? आमच्यातल्या शिकलेल्या बायाही गप्प बसल्या. आम्हीही गप्प बसलो. हे सांगताना आम्हाला आज लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. ती बाई उठून घरी गेली. पुढच्या बैठकीला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बचतीचे पैसे मुलाच्या हातून पाठवले.

न उबलेली अंडी आम्ही फेकायला निघालो होतो. तेवढ्यात पशुसखीने अडवलं. ती म्हणाली, फेकू नका, डॉक्टरांना दाखवू. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर गावात लसीकरणाला येणारच होते. त्यांनी परसात एक जुनं ताट मागवलं आणि एकेक अंडं फोडायला बसले. वास येत होता. आम्ही पदर नाकाला लावून बघत होतो.

अठ्ठेचाळीसमधली नऊ निघाली होती, म्हणजे एकोणचाळीस उरली. त्यातली सहा अंडी साधी होती. नुसता बलक आणि पांढरं. त्यांना कोंबडा लागलेलाच नव्हता. सतरा अंड्यांत बलकावर रक्ताची बारीक गोल कडी होती, बांगडीसारखी. आणि सोळा अंड्यांत पूर्ण पिल्लू होतं. पिसं आलेली, चोच हवेच्या पोकळीकडे वळलेली, बलक पोटात ओढला गेलेला. निघायच्या बेतातच मेलेलं.

डॉक्टर म्हणाले, "अंडं कधी मेलं ते अंडंच सांगतं." ते कसं, ते नीट ऐका. कोंबडीच्या अंड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जिवाचं हृदय हलायला लागतं आणि बलकावर रक्ताच्या शिरा पसरतात. त्या चार दिवसांत जीव गेला तर शिरांतलं रक्त कडेला सरकतं आणि गोल कडी उरते. म्हणजे ती सतरा अंडी पहिल्या तीन-चार दिवसांत मेली. दहा ते चौदा दिवसांत मेलं असतं, तर अर्धवट पिल्लू दिसलं असतं, लहानसं, आणि बलक पोटाबाहेर. तसं एकही नव्हतं. सोळा मेली ती अठराव्या दिवसानंतर.

आता पाळ्यांची वही काढली. जिच्यावर बोट ठेवलं होतं, तिच्याकडे पेटी होती 18 ते 22 मे. म्हणजे दहावा ते चौदावा दिवस. बायांनो, तिच्या पाच दिवसांत एकही अंडं मेलेलं नव्हतं. सर्वांत चांगले दिवस तिचेच होते. ताटाभोवती कुणी काही बोललं नाही.

मग पहिले चार दिवस जिच्याकडे होते तिच्याकडे माना वळल्या. डॉक्टरांनी तेही थांबवलं. ते म्हणाले, ही सतरा अंडी पेटीत येण्याआधीच कमजोर झाली होती. आणि इथून पुढे जे कळलं, ते आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक कोंबडीवालीने लक्षात ठेवावं असं आहे.

अंड्याला ऊब लागते हे आपल्याला माहीत आहे. म्हणून आपण समजतो की अंड्याचा शत्रू म्हणजे गारवा. थंड मुलखात ते खरं असेल. आपल्याकडे अंड्याचा मोठा शत्रू ताप आहे. ऊब वेगळी आणि ताप वेगळा, आणि या दोन्हींत फरक फक्त दोन-तीन अंशांचा आहे.

कोंबडीचं अंग आपल्यापेक्षा गरम असतं, साधारण 41 अंश. पण ती अंड्यावर बसते तेव्हा अंड्याची वरची बाजू तिच्या पोटाला लागलेली असते आणि खालची तणसाला. म्हणून अंड्याला जी ऊब मिळते ती जवळपास साडेसदतीस ते अडतीस अंशांची असते. पंख्याच्या यंत्रात हीच ऊब सगळीकडे सारखी ठेवतात, 37.5 ते 37.8 अंश. फॅरनहाइटमध्ये सुमारे 100. आपल्या अंगात कणकण आली की जेवढा ताप असतो, तेवढीच ही ऊब. बिनपंख्याच्या पेटीत गरम हवा वर जाते आणि गार हवा खाली राहते. म्हणून तिथे तापमापक अंड्याच्या वरच्या टोकाच्या उंचीला धरायचा आणि तिथे 38.3 ते 38.9 अंश ठेवायचं.

आमचा तापमापक कुठे होता? पेटीच्या तळाला आडवा पडलेला. तळाला आकडा बरोबर दिसत होता आणि अंड्याच्या डोक्यावर त्याहून बरीच जास्त आग होती. आशाताईंकडे बाळांचा ताप मोजायचं यंत्र असतं. ते आणि आमचा तापमापक कोमट पाण्याच्या एकाच ग्लासात धरून बघितला. आमचा जवळपास एक अंश कमी दाखवत होता. एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण तो एक अंश एकवीस दिवस, रात्रंदिवस असतो. ऊब थोडी जास्त असली की पिल्लू घाईने वाढतं, लवकर निघतं, बारकं राहतं, बेंबी मिटत नाही. ऊब थोडी कमी असली की उशिरा निघतं, बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी, पोट मोठं आणि मऊ, पाय अशक्त. आणि अंड्याच्या आतच साडेचाळीस अंश काही तास राहिले तर पिल्लू मरतंच. खाली गेलेली ऊब थोड्या वेळासाठी अंडं सोसतं. वर गेलेला ताप ते सोसत नाही.

आता ती सतरा अंडी. अंडं घातल्यावर ते गार जागी असलं की आतला जीव झोपून राहतो. पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवलं तर सात दिवस तो नीट झोपतो. पण साधारण वीस-बावीस अंशांच्या वर जागा गरम झाली की तो थोडा थोडा जागा होऊ लागतो. आमची अंडी एप्रिलअखेरीपासून पंधरा दिवस टिनाखाली पडून होती. दुपारी खोलीत चाळीसच्या वर, पहाटे तीसच्या खाली. किल्ल्याचा डोंगर दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत भिंती गार होत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. रोज दुपारी जीव जागा व्हायचा, रोज पहाटे परत मंदावायचा. असा अर्धवट वाढलेला जीव पेटीत गेल्यावर किती तग धरणार? ती अंडी आम्ही सगळ्यांनीच मारली होती, आपापल्या घरी, पेटी सुरू व्हायच्या आधी.

आणि शेवटची सोळा? अठरावा दिवस होता 26 मे. नवतपा लागला होता. खोलीतच बेचाळीस अंश. पेटीतले दिवे बंदच होते, पण पेटीला दिवा लावता येतो, गारवा करता येत नाही. बाहेर बेचाळीस असेल तर आत अडतीस कुठून येणार? वरून आणखी एक गोष्ट. मोठं झालेलं पिल्लू स्वतःच ऊब टाकतं. दहा-बारा दिवसांनंतर अंडं नुसती ऊब घेत नाही, देतंही. म्हणून मोठ्या उबवणी केंद्रांत शेवटचे तीन दिवस अंडी दुसऱ्या यंत्रात हलवतात आणि तिथे ऊब थोडी कमी ठेवतात. आमच्याकडे नवतप्याची आग आणि पिल्लांची आपली ऊब एकत्र झाली. मधल्या आठवड्यात अवकाळी पाऊस येऊन हवा उतरली होती, म्हणून ते दिवस निभावले.

हे सगळं आमच्या गटातल्या एका आजीला सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "वैशाखात कोंबडी बसवत नाईत पोरीहो. अंडं आंधीच उकडून रायते." म्हणजे आजीला माहीत होतं. आम्ही विचारलं नव्हतं. पेटी आली म्हणजे महिना बघायची गरज नाही असं आम्ही धरून चाललो. आजी अंडं गालाला लावून ऊब ओळखतात. इजिप्त देशात मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवायची फार जुनी रीत आहे. तिथले कारागीर तापमापक न घेता अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत आले आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचा हात असेल तर ते साधतं. आपल्याला तापमापक आणि वही दोन्ही हवेत.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा पेटी लावली. त्या वेळी काय केलं ते सांगतो, लिहून घ्यायचं तर घ्या.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी घेतली नाहीत. परसात आंब्याच्या सावलीला ओल्या वाळूत माठ अर्धा पुरला, त्यात तणस घालून अंडी निमुळतं टोक खाली करून ठेवली, वर ओलं फडकं बांधलं. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची. पिण्याच्या पाण्याला आपण जे करतो तेच अंड्याला केलं.

पेटी टिनाच्या खोलीतून काढून मातीच्या भिंतीच्या, कौलाच्या खोलीत नेली. अंडी नसताना एक दिवस रिकामी चालवून आकडा स्थिर होतो का बघितलं. तापमापक दोऱ्याने अंड्याच्या डोक्याच्या उंचीला टांगला, आणि तो जेवढा कमी दाखवतो तेवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून पाच वेळा फिरवायची. पाच यासाठी, की रात्री लांबलचक वेळ अंडं रोज एकाच बाजूवर राहू नये. फिरवलं नाही तर जीव कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद, कारण पिल्लू निघायच्या बाजूला तोंड करतं.

सातव्या रात्री अंधारात मोबाइलच्या उजेडावर अंडी धरली. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत. काहीच दिसलं नाही किंवा गोल कडी दिसली तर काढून टाकलं, नाहीतर ते सडून पेटीत फुटतं.

पाण्याची वाटी कधी कोरडी पडू दिली नाही. कवचाला हजारो बारीक भोकं असतात आणि त्यातून अंड्यातलं पाणी उडत असतं. थोडं उडायलाच हवं, फार उडालं तर पिल्लू चिकटतं. शेवटच्या तीन दिवसांत दोन वाट्या ठेवल्या आणि झाकण उघडलं नाही. चोच बाहेर दिसली की हात शिवशिवतात, ओढावंसं वाटतं. ओढायचं नाही.

वीज गेली तर काय? एकदा पहाटे तीन तास गेली, बाहेर कडाक्याची थंडी. पेटीवर गोधडी टाकली, हवेची भोकं मोकळी ठेवली आणि झाकण बंदच ठेवलं. कोंबडीही दिवसातून एकदा दाणा-पाण्याला उठतेच की, तेवढं अंडं सोसतं. शेजारी कोळशाची शेगडी ठेवू नका, धुरानेही पिल्लं जातात आणि आपणही. वीज आली की भरपाई म्हणून ऊब वाढवू नका.

त्या वेळीही अंडी अठ्ठेचाळीसच होती. पाच साधी निघाली, चारांत कडी, पाच शेवटी मेली. चौतीस पिल्लं निघाली. एकविसाव्या दिवशी.

एक प्रश्न बाया नेहमी विचारतात. ऊब कमी-जास्त केली तर तलंगा जास्त निघतील का? नाही. कासवांत तसं होतं. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं वाळूत अंडी घालतात. वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त, गार असेल तर नर जास्त. कोंबडीत मात्र नर की मादी हे अंडं घालायच्या आधीच, कोंबडीच्या बीजावरून ठरतं. माणसात ते बापाच्या बीजावरून ठरतं. मुलगी झाली म्हणून कुणी सुनेला बोल लावत असेल तर हेही सांगायला हरकत नाही.

आता आमच्या गटाचे नियम सांगून थांबतो. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडून हवा उतरेपर्यंत पेटी बंद. त्या दिवसांतली अंडी खायची नाहीतर विकायची. कोंबडी खुडूक बसलीच आणि तिला बसवायचीच असेल, तर रात्री बसवायची, गार कोपऱ्यात, खाली ओलसर वाळू आणि तणस, जवळ पाणी. मृग लागून रोवणी सुरू झाली की आपण सगळ्या बांधीत असतो, तेव्हा पेटीकडे कोण बघणार हे आधी ठरवायचं, मगच अंडी मांडायची.

ठरावाच्या वहीत आम्ही आणखी एक ओळ लिहिली. पाळीचा आणि अंडी मरण्याचा काही संबंध नाही, आणि गटातल्या कुणावर तसा बोल लावला ती आमची चूक होती. सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ज्या पहिल्यांदा बोलल्या होत्या त्यांचीही. मग आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. ती धान पाखडत होती. बराच वेळ तिने सूप खाली ठेवलं नाही. आम्ही वही पुढे केली. तिने वाचली आणि म्हणाली, "माह्या दिवसाईतले आकडे पाहाले होते का कोनी?" नव्हते पाहिले. पाच जणींत रोज चार वेळा आकडा लिहिणारी ती एकटीच होती. तिच्या पाच दिवसांची पानं भरलेली आणि बाकीच्यांची अर्धी कोरी होती.

आता पेटीची वही तिच्याकडेच असते. आमच्यापैकी कुणी आकडा लिहायला विसरलं तर ती पेटीला हात लावू देत नाही.

बायांनो, यंदा तुमच्या गटात अंडी बसवणार असाल तर आधी माठ पुरा, आणि आशाताईंकडून तापमापक तपासून घ्या. आणि अंडी गेलीच तर कुणाकडे बोट दाखवायच्या आधी एक अंडं फोडून बघा. ते कधी मेलं ते सांगेल.